हळदीची गोळी विरघळते का, ते डबीवर लिहा

हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याची ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल साध्या पाण्यात पूर्ण विरघळवायची तर सुमारे ४५ हजार लिटर पाणी लागेल. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावांना पाणी पोचवणारा टँकर साधारण दहा-बारा हजार लिटरचा असतो. म्हणजे एका कॅप्सूलमागे चार टँकर. हिशेब सोपा आहे: आम्लधर्मी किंवा उदासीन पाण्यात कर्क्युमिनची विद्राव्यता मिलिलिटरमागे जेमतेम ११ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) नोंदवली गेली आहे. पोटात एवढं पाणी कुठून येणार? गोळीबरोबर घेतलेलं पेलाभर पाणी आणि जठरातला रस मिळून पाव लिटरच्या आसपास. पित्तरस आणि जेवणातलं तेल-तूप मदतीला येतं, त्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती इतकी टोकाची राहत नाही. तरीही कॅप्सूलमधला फार मोठा भाग न विरघळता, जसा आला तसाच पुढे निघून जातो. डबीवर मात्र ठळक अक्षरांत ‘५०० मि.ग्रॅ., ९५ टक्के’ एवढंच छापलेलं असतं.

जे विरघळत नाही ते आतड्याच्या भिंतीतून आत जात नाही. हे फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं, पण ग्राहकाला कुणी सांगत नाही. माझी मागणी दोन गोष्टींची आहे. वनस्पतीतून काढलेलं, पाण्यात न विरघळणारं द्रव्य गोळी-कॅप्सूलमध्ये भरून विकणाऱ्याने ते किती विरघळतं हे तपासून डबीवर छापावं. आणि ‘आमचं कित्येक पट जास्त शोषलं जातं’ असं जो म्हणतो, त्याने त्या जास्त शोषणाची सुरक्षितताही दाखवावी. यातली दुसरी मागणी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते, आणि नेमकी तीच चर्चेत येत नाही.

असला प्रश्न वैद्यकशास्त्रापुढे पहिल्यांदा आलेला नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीच्या पानांतून मिळतं. तेही पाण्यात नीट विरघळत नाही. त्याची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, आणि उपयोगी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. १९७१ मध्ये अमेरिकेत जॉन लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या डिगॉक्सिन गोळ्या निरोगी माणसांना देऊन रक्तातली पातळी मोजली. गोळ्यांमध्ये औषध तेवढंच होतं, पण रक्तातल्या पातळीत सातपटीपर्यंत फरक निघाला. एकाच उत्पादकाच्या दोन बॅचसुद्धा जुळल्या नाहीत. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये एका मोठ्या कंपनीच्या गोळीची उत्पादनपद्धत बदलली आणि तीच गोळी, तेवढ्याच वजनाची, जवळपास दुप्पट शोषली जाऊ लागली. आधीच्या गोळीवर मात्रा बेतून दिलेल्या रुग्णांना हे केवढं धोक्याचं होतं, हे डॉक्टरांना सांगायला नको. कारण शोधलं तेव्हा मुख्य दोष कणांच्या आकारात आणि विरघळण्याच्या वेगात सापडला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७४ पासून डिगॉक्सिनच्या प्रत्येक बॅचला विरघळण्याची चाचणी सक्तीची केली.

तेव्हा कुणीही असा युक्तिवाद केला नाही की डिजिटॅलिसची पानं माणूस दोनशे वर्षं वापरतो आहे, म्हणून गोळी तपासायची गरज नाही. हळदीच्या बाबतीत आपण नेमका हाच युक्तिवाद करतो.

कर्क्युमिनची अडचण तशी तिहेरी आहे. पहिली विद्राव्यतेची, ती वर आलीच. दुसरी टिकाऊपणाची: आतड्याइतक्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात, म्हणजे पीएच ७.२ ला आणि शरीराच्या तापमानाला, शुद्ध कर्क्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. तिसरी अडचण आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात आहे. जे थोडंफार आत शिरतं त्याला तिथले एन्झाइम लगेच ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेटची शेपटी जोडतात आणि बाहेरच्या वाटेला लावतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी माणसांना एका वेळी १० किंवा १२ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या वीस-चोवीस कॅप्सूल. त्यांच्यापैकी फक्त एकाच्या रक्तात मोकळं कर्क्युमिन सापडलं, तेही एकाच वेळच्या नमुन्यात. बाकीच्यांच्या रक्तात होतं ते सगळं शेपटी लागलेलं.

‘इतके पट जास्त शोषण’ या जाहिरातीतला घोळ इथूनच सुरू होतो. अनेक अभ्यासांत रक्ताचा नमुना तपासण्याआधी बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाच्या एन्झाइमबरोबर ठेवतात. ते एन्झाइम शेपट्या कापून टाकतं, सगळं पुन्हा कर्क्युमिन होतं आणि यंत्र ते एकत्र मोजतं. शास्त्रीय दृष्टीने या पद्धतीत गैर काही नाही, मात्र आकडा एकूण कर्क्युमिनचा आहे हे सांगायला हवं. शोधनिबंधात ते लिहिलेलं असतं. डबीपर्यंत येताना ते गळून पडतं आणि उरतो नुसता गुणाकार. २०१४ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात २३ जणांवर द्रवरूप मायसेल प्रकाराची (साबणासारख्या द्रव्याच्या सूक्ष्म थेंबांत बसवलेल्या कर्क्युमिनची) चाचणी झाली आणि साध्या पुडीच्या तुलनेत १८५ पट आकडा आला. आकडा खरा आहे. पण तुलना ज्या साध्या पुडीशी झाली तिची पातळी जवळपास शून्य होती. जवळपास शून्याला कितीने गुणलं, यापेक्षा रक्तात शेवटी नॅनोग्रॅम किती आले आणि त्यातले मोकळे किती, हे विचारायला हवं.

शोषण वाढवण्याच्या पद्धती आज हाताशी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच भारतातच विकसित झाल्या. मिऱ्यांची वाट सर्वांत जुनी. सुंठ, मिरी आणि पिंपळी हे त्रिकटू आयुर्वेदाच्या कितीतरी पाठांत का येतं, या प्रश्नावरून जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांच्या गटाने काम केलं आणि मिरीतलं तिखट द्रव्य, पिपरीन, इतर औषधांचं शोषण वाढवतं हे दाखवून दिलं. त्याच कामाचं फळ म्हणून २००९ मध्ये क्षयरोगाची एक संयुक्त गोळी मान्य झाली. तिच्यात रिफाम्पिसिनची मात्रा नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम होती आणि सोबत १० मिलिग्रॅम पिपरीन. कर्क्युमिनच्या बाबतीत १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅमसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं आणि माणसांमध्ये २००० टक्के वाढ नोंदवली. आज बाजारातल्या जवळपास प्रत्येक मिरीवाल्या कॅप्सूलवर तोच आकडा असतो.

पण पिपरीन काही कर्क्युमिनला विरघळवत नाही. शेपट्या जोडणारे एन्झाइम ते अडवतं, आणि त्यांच्यासोबत तुमच्या इतर गोळ्या हाताळणारे एन्झाइमही. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल आणि थिओफायलिन या तिघांचीही रक्तातली पातळी पिपरीनने वाढल्याचं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. फिट्सची गोळी चालू असलेल्या माणसाने सांधेदुखीसाठी मिरीवाली हळद-कॅप्सूल सुरू केली तर त्याच्या डॉक्टरला ते कळायला हवं. भाजीतल्या दोन मिऱ्यांची गोष्ट वेगळी, शुद्ध पिपरीन रोज ठरलेल्या मात्रेत पोटात जाणं वेगळं.

दुसरी वाट कण बारीक करण्याची. ५० मायक्रॉनचा कण ५ मायक्रॉनचा केला की तेवढ्याच वजनाचं पृष्ठफळ दहापट होतं आणि विरघळण्याचा वेग वाढतो. मात्र एवढे बारीक कण एकमेकांना चिकटून पुन्हा गोळे होतात, म्हणून वर एखादं स्थिरकारक लागतं. तिसरी लेसिथिनची. एक भाग कर्क्युमिनला दोन भाग लेसिथिन घेऊन संयुग करतात आणि उरलेली जागा इतर पूरक द्रव्यं भरून काढतात. अशा ५०० मिलिग्रॅम पुडीत कर्क्युमिन शंभरच्या आसपासच असतं. डबीवरचे ५०० नक्की कशाचे, हे म्हणून विचारावं लागतं. चौथी मायसेलची, जिच्यात कर्क्युमिनच्या कितीतरी पट पॉलिसॉर्बेट ८० हे साबणासारखं द्रव्य असतं.

मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं ते पाचव्या वाटेबद्दल, घन-विखुरणाबद्दल, कारण त्यात काय बिघडतं ते बाहेरून अजिबात दिसत नाही. एक भाग कर्क्युमिनॉइड अर्क (कर्क्युमिन आणि त्याची भावंडं) आणि चार ते आठ भाग पीव्हीपी के-३० हा पाण्यात विरघळणारा पॉलिमर इथेनॉलमध्ये विरघळवायचे, आणि ४० ते ५० अंशांवर निर्वात बाष्पीभवनाने किंवा स्प्रे ड्रायरने इथेनॉल काढून टाकायचं. मागे उरते ती केशरी पूड. तिच्यात कर्क्युमिनचे स्फटिक राहिलेले नसतात, पॉलिमरच्या जाळीत रेणू विस्कळीत अडकलेले असतात. क्ष-किरण विवर्तनात टोकदार शिखरं नाहीशी होऊन नुसता उंचवटा दिसतो. स्फटिक मोडायला लागणारी ऊर्जा वाचल्यामुळे ही पूड पाण्यात पडताच झपाट्याने विरघळते, इतकी की द्रावण काही काळ अतिसंपृक्त होतं. तिथपर्यंत छान. मग दहा-पंधरा मिनिटांत कर्क्युमिन पुन्हा स्फटिक होऊन तळाशी बसायला लागतं. ते थोपवायला एचपीएमसीसारखा दुसरा पॉलिमर घालावा लागतो. हे झालं भांड्यातलं. डबीत दुसरंच संकट असतं. पीव्हीपी हवेतली वाफ शोषून घेतं, ओलाव्याने जाळी सैल पडते, अडकलेले रेणू हलायला लागतात आणि महिन्यांगणिक पुन्हा स्फटिक बनतात. जुलै महिन्यात रत्नागिरीतल्या स्वयंपाकघरात फळीवर ठेवलेली आणि रोज सकाळी झाकण उघडली जाणारी प्लास्टिकची डबी डोळ्यासमोर आणा. सहा महिन्यांनी त्या कॅप्सूलमधलं कर्क्युमिन मोजलं तर ते शंभर टक्के भरतं. एक मिलिग्रॅमसुद्धा कुठे गेलेलं नसतं. मात्रा मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचा अहवाल पास होतो. फक्त ते आता विरघळत नाही. ग्राहकाने ज्या गुणासाठी चौपट पैसे मोजले तो गुणच गेलेला असतो, आणि केवळ मात्रा मोजणाऱ्या तपासणीत हे कधीच पकडलं जात नाही. हा बिघाड उघड करणारी रोजच्या वापरातली चाचणी म्हणजे विरघळण्याची चाचणी.

ती चाचणी काही फार महागडी नाही. पॅडल लावलेलं भांडं, ३७ अंशांवर ९०० मिलिलिटर द्रावण, मिनिटाला ५० ते ७५ फेरे, आणि ५, १०, १५, ३०, ४५, ६० मिनिटांना थोडं थोडं द्रावण काढून, गाळून, ४२५ नॅनोमीटरच्या आसपास मोजायचं. गोळ्या बनवणाऱ्या कुठल्याही औषध कारखान्यात हे यंत्र असतंच. पण ती मनासारखी वाकवणंही तितकंच सोपं आहे, म्हणून नियम करताना तपशील बांधून द्यावे लागतील. द्रावणात सोडियम लॉरिल सल्फेट हे साबणासारखं द्रव्य भरपूर घातलं की साधी पूडसुद्धा विरघळते आणि चांगल्या-वाईट मालात फरकच उरत नाही. त्याऐवजी उपाशीपोटी लहान आतड्याच्या वरच्या भागात असतं तसं द्रावण वापरावं: पीएच ६.५, सोडियम टॉरोकोलेट हा पित्तक्षार ३ मिलिमोलर, लेसिथिन ०.७५ मिलिमोलर. गाळणी ०.४५ मायक्रॉनची घेतली तर २०० नॅनोमीटरचे कण न विरघळता आरपार जातात आणि ‘विरघळलेले’ म्हणून मोजले जातात. नॅनो प्रकाराला बारीक गाळणी किंवा वेगवान सेंट्रिफ्यूज लागतं. कर्क्युमिन गाळणीच्या पटलालाही चिकटतं, तेव्हा सुरुवातीचे काही मिलिलिटर टाकून द्यायचे. काचसामान तपकिरी घ्यायचं, कारण उजेडातही ते विघटित होतं. आणि गोळी सुटी होणं म्हणजे विरघळणं नव्हे. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद ढवळली तर पाणी लगेच पिवळं होतं आणि तासाभरात हळद तळाशी बसते. तीच हळद फोडणीत पडली की तेलच रंगतं. गाळ आणि द्रावण यांतला फरक रोज स्वयंपाक करणाऱ्याला माहीत असतो. तो चाचणीतही धरला गेला पाहिजे.

आता सुरक्षिततेचा प्रश्न. हळद पिढ्यान्‌पिढ्या पोटात जाते आहे आणि कुणाचं काही बिघडलं नाही, हे खरं आहे. रोजच्या आमटी-भाजीतून माणूस फार तर दोन-तीन ग्रॅम हळद खातो, तिच्यात कर्क्युमिनॉइड साधारण तीन टक्के, आणि त्यातलंही रक्तात जवळपास काही पोहोचत नाही. हळद इतकी निर्धोक राहिली याचं एक मोठं कारण ती शोषली जात नाही हे आहे. ते शोषण तुम्ही मुद्दाम वाढवलंत की जुन्या वापराचा दाखला तिथेच संपतो. आजीच्या हळद-दुधाचं उदाहरण देऊन मायसेल कॅप्सूल विकता येणार नाही. ती वस्तूच निराळी आहे.

ही शंका कागदावरची नाही. इटलीत २०१८-१९ मध्ये हळदीचे पूरक आहार घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज येण्याच्या घटना एकापाठोपाठ नोंदल्या गेल्या. २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने अशा उत्पादनांवर इशारा सक्तीचा केला आणि ती यकृताला हितकर असल्याचे दावे बंद केले. त्याच वर्षी फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने पूरक आहारातून दिवसाला १५३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कर्क्युमिन घेऊ नये असं सांगितलं आणि जास्त शोषल्या जाणाऱ्या प्रकारांबद्दल वेगळी चिंता व्यक्त केली. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये असाच इशारा काढला. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतइजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांच्या जाळ्याने दहा रुग्णांचा तपशील प्रसिद्ध केला: पाच जण रुग्णालयात दाखल झाले, एकाचा मृत्यू झाला. तपासता आलेल्या सात उत्पादनांपैकी तीनांत पिपरीन होतं. दहांपैकी सात रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हे एकच जनुकीय रूप आढळलं, म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही. कॅप्सूल घेणाऱ्या लाखो लोकांपुढे या घटना थोड्या आहेत हेही मान्य. पण कुणाला धोका आहे हे आधी कळण्याची सोय सामान्य ग्राहकाकडे नाही, आणि आपल्याकडच्या डब्यांवर यकृताबद्दलचा इशारा क्वचितच दिसतो. म्हणून डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अंगाला खाज सुटणं, भूक मरणं यांतलं काहीही झालं तर कॅप्सूल त्या दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी. खाल्लेल्या हळदीचा रंग डोळ्यांत उतरत नाही.

आपला कायदा या बाबतीत पूर्ण रिकामा नाही, म्हणूनच जास्त खंत वाटते. औषधांचे विद्राव्यता आणि पारगम्यता (आतड्याच्या भिंतीतून पार जाण्याची क्षमता) यांवरून चार वर्ग करतात. दुसऱ्या आणि चौथ्या वर्गात कमी विद्राव्य औषधं येतात. एप्रिल २०१७ मध्ये केंद्र सरकारने याच दोन वर्गांतल्या तोंडी जेनेरिक औषधांना जैवसमतुल्यतेचा, म्हणजे मूळ औषधाइतकंच रक्तात पोहोचतं का हे पाहणारा, अभ्यास सक्तीचा केला, कारण घोटाळा याच वर्गांत होतो हे सरकारने ओळखलं होतं. कर्क्युमिन बहुतेक अभ्यासक चौथ्या वर्गात धरतात. तरी त्याची कॅप्सूल ‘न्यूट्रास्युटिकल’ म्हणजे पूरक आहार म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमांखाली विकायला आली किंवा आयुर्वेदिक परवान्यावर आली की हा प्रश्न तिला विचारला जात नाही. रेणू तोच, आतडं तेच, फक्त परवान्याचा रंग बदलतो. २०१५ मध्ये ‘फायटोफार्मास्युटिकल’ नावाचा एक चांगला मार्ग उघडला गेला. किमान चार घटकद्रव्यांवर प्रमाणित केलेल्या शुद्ध अर्काला त्यात औषध म्हणून मान्यता मिळू शकते. पण सोपी वाट शेजारीच उघडी असताना खर्चाच्या वाटेने कोण कशाला जाईल?

विरोधात दोन मुद्दे ऐकू येतात. पहिला असा की शोषण कमी म्हणजे औषध निरुपयोगी, हे कुणी ठरवलं? हा मुद्दा रास्त आहे. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या व्रणाच्या ८९ रुग्णांपैकी ४५ जणांना नेहमीच्या औषधासोबत दिवसाला २ ग्रॅम कर्क्युमिन सहा महिने दिलं, आणि त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिलं. तिथे औषध आतड्यातच हवं होतं, रक्तात जाण्याची गरजच नव्हती. म्हणूनच मी सगळ्यांनी शोषण वाढवावं असं म्हणत नाही. किती होतं ते सांगावं, एवढंच.

दुसरा मुद्दा शेतकऱ्याचा. २०१६ मध्ये वायगावच्या आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोली-वसमतच्या पट्ट्यात हजारो घरं या पिकावर उभी आहेत. नियम कडक केले तर मागणी पडेल, अशी भीती घातली जाते. मला नेमकं उलट वाटतं. अर्क काढणारे कारखाने कर्क्युमिनचा टक्का बघून हळद घेतात, आणि त्या अर्काची परदेशी बाजारपेठ विश्वासावर चालते. इटलीसारखा प्रसंग आपल्या मालाबाबत घडला तर मोंढ्यातल्या भावाला धक्का बसेल तो निष्काळजी उत्पादकामुळे, आणि तो सोसावा लागेल वसमतच्या शेतकऱ्याला. लहान उत्पादकाला माणसांवरचा अभ्यास परवडणार नाही हे खरं. त्याने तो करूही नये. साधी कॅप्सूल साध्या दाव्यासह विकावी, आणि विरघळण्याची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी. रक्तातल्या पातळीचा अभ्यास त्याच्यावरच सक्तीचा असावा जो ‘पट’ हा शब्द डबीवर छापतो आणि त्या शब्दाची किंमत ग्राहकाकडून वसूल करतो.

अशा डबीच्या मागच्या बाजूला एवढं छापलेलं असावं: एका कॅप्सूलमध्ये एचपीएलसीने मोजलेले कर्क्युमिनॉइड इतके मि.ग्रॅ., पैकी कर्क्युमिन इतके; प्रकार: लेसिथिन संयुग, घन-विखुरण, मायसेल की साधी पूड; पीएच ६.५ च्या पित्तयुक्त द्रावणात ६० मिनिटांत इतके टक्के विरघळतं, मुदत संपण्याच्या महिन्यातसुद्धा. माणसांच्या रक्तात मोकळं कर्क्युमिन इतके नॅनोग्रॅम, शेपटी लागलेलं इतके. जेवणाबरोबर घ्यावी की उपाशीपोटी. पिपरीन आहे, फिट्स, दमा किंवा रक्तदाबाची औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारा. यकृताचा किंवा पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास असल्यास घेऊ नका.

डबीच्या मागच्या बाजूला यासाठी जागा पुरते. सध्या तिथे पिवळ्या फुलांचं चित्र असतं.